रक्तगट आणि विषाणूंचे रोग : एका शतकाच्या शोधाचा आढावा

मनुष्याच्या रक्ताचा गट आणि विशिष्ट रोगाला बळी पडण्याची त्याच्या देहाची प्रवृत्ती यांच्यात काही नियत संबंध आहे काय, हा प्रश्न गेल्या शंभर वर्षांत वैद्यकशास्त्रापुढे वारंवार उपस्थित झाला आहे, आणि मोठ्या साथीच्या वेळी तो विद्वानांच्या परिषदांतून उतरून सामान्य जनांच्या बोलण्यातही आला आहे. २०२० च्या उन्हाळ्यात, टाळेबंदीच्या हुकमाने गाड्या थांबल्या, मोंढ्यातला व्यवहार मंदावला आणि मराठवाड्यातील परतूरसारख्या तालुक्याच्या गावी दिवसभराची सोबत हातातल्या फोनपुरती उरली, तेव्हा सोयऱ्याधायऱ्यांच्या विचारपुशीत तब्येतीच्या पाठोपाठ रक्तगटाचीही चौकशी होऊ लागली. "आमचा ओ हाय, आम्हाला काय होत नाही," असे कोणी निर्धास्तपणे सांगे. "ए वाल्यांनी लई जपाया पाहिजे म्हणतेत," असे म्हणून कोणी धास्ती घेई. शाळेच्या ओळखपत्रावर जो रकाना केवळ अपघातप्रसंगी उपयोगी पडावा म्हणून छापलेला असतो, त्याला एकाएकी भाकिताचे मोल आले.

हे भाकीत कितपत साधार होते याचा साकल्याने विचार करावयाचा, तर करोनापुरते पाहून भागत नाही. देवीच्या रोगापासून अतिसारापर्यंतचा सारा पुरावा एकत्र मांडावा लागतो. तसा तो मांडल्यावर जे दिसते ते आरंभीच नमूद करणे उचित होईल. ज्या विषाणूला देहात शिरण्यासाठी रक्तगटाची शर्कराच धरावी लागते, त्याच्या बाबतीत रक्तगट व त्याच्याशी संलग्न असलेली जनुके जवळजवळ निर्णायक ठरतात. ज्याचे प्रवेशद्वार निराळे आहे, त्याच्या बाबतीत रक्तगटाचा परिणाम असलाच तर तो अत्यल्प असतो, आणि मोजणी जितकी काटेकोर व्हावी तितका तो बहुधा आणखी लहान होत जातो. या दोन प्रकारांतला भेद ध्यानात न घेतल्यामुळेच एकीकडे भाबडा विश्वास आणि दुसरीकडे सरसकट अविश्वास, अशा दोन टोकांना हा विषय ओढला गेला आहे.

रक्तगटाचा शोध १९०१ साली प्रसिद्ध झाला. व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यांनी आपल्या सहकाऱ्यांचे रक्त घेऊन एकाचे रक्तजल दुसऱ्याच्या तांबड्या पेशींत मिसळून पाहिले, तेव्हा काही जोड्यांत पेशींचे पुंजके बनले आणि काहींत त्या सुट्याच राहिल्या. त्यावरून त्यांनी तीन गट ठरवले, आणि पुढच्याच वर्षी डेकास्टेलो व स्टर्ली या त्यांच्या अनुयायांनी चौथा, म्हणजे आजचा 'एबी' गट, दाखवून दिला. लँडस्टायनर यांना या शोधाबद्दल १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा तो प्रयोग आज कोणत्याही रक्तदान शिबिरात मूळच्याच साधेपणाने होताना पाहावयास मिळतो. बोटाच्या टोकाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर किंवा पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्ताचे तीन थेंब घेतात. पहिल्यात निळ्या रंगाचे अँटी-ए, दुसऱ्यात पिवळे अँटी-बी आणि तिसऱ्यात रंगहीन अँटी-डी घालून काडीने ढवळतात, आणि मग तंत्रज्ञ ती पट्टी उजेडाकडे धरून हलकेच डोलवत राहतो. थोड्याच वेळात एखाद्या थेंबात लाल कण धरून मधला द्रव निवळू लागतो, तर शेजारचा थेंब जसाच्या तसा गुळगुळीत राहतो. पहिले दोन थेंब गुळगुळीत राहून तिसऱ्यात तेवढे कण धरले, की वहीत 'ओ पॉझिटिव्ह' अशी नोंद होते.

पहिल्या दोन थेंबांत धरणाऱ्या कणांच्या मुळाशी आहे ती एक शर्करा. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या लहान साखळ्या उभ्या असतात, आणि त्यांच्या टोकाची रचना पूर्ण झाली की तिला 'एच' प्रतिजन म्हणतात. या 'एच'वर एन-अॅसिटिल गॅलॅक्टोसामाइन नावाची शर्करा चढली की तो 'ए' होतो, गॅलॅक्टोज चढली की 'बी' होतो, दोन्ही प्रकार असले की 'एबी', आणि काहीच न चढता 'एच' उघडा राहिला की 'ओ'. १९९० साली फुमिइचिरो यामामोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कार्याचे जनुक उलगडले तेव्हा असे दिसून आले, की 'ए' आणि 'बी' घडवणाऱ्या विकरांत केवळ चार अमिनो आम्लांचे महत्त्वाचे अंतर आहे, आणि 'ओ' गटाच्या बहुतेक माणसांत त्या जनुकातले एकच अक्षर गळाल्यामुळे विकर निकामी झालेले असते. या विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही, की या शर्करा रक्तापुरत्या मर्यादित नाहीत. आतड्याच्या व श्वासमार्गाच्या अंतस्त्वचेवर, आणि पुष्कळ माणसांच्या लाळेतही त्या असतात, म्हणजे विषाणू ज्या ठिकाणी प्रथम देहाला स्पर्श करतो नेमक्या त्याच ठिकाणी त्यांचा पहारा असतो. दुसरी ही, की ज्याच्या देहात 'ए' नाही त्याच्या रक्तजलात 'ए'विरुद्धची, आणि ज्याच्यात 'बी' नाही त्याच्यात 'बी'विरुद्धची प्रतिपिंडे बालपणापासूनच तयार असतात.

गटांचे प्रमाण मुलखागणिक बदलते, ही गोष्ट पहिल्या महायुद्धाच्या रणधुमाळीत उघडकीस आली. सॅलोनिका येथील छावणीत नाना देशांचे सैनिक एकत्र आलेले पाहून लुडविक व हाना हिर्झफेल्ड या दांपत्याने आठ हजारांहून अधिक माणसांचे रक्त तपासले आणि १९१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : पश्चिम युरोपात 'ए'चे प्राबल्य, तर हिंदी सैनिकांत 'बी'चे प्रमाण सर्वांत अधिक. आजची गणना त्याला दुजोराच देते. भारतातील निरनिराळ्या केंद्रांवरील दहा हजार रक्तदात्यांच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 'ओ' ३७.१२, 'बी' ३२.२६, 'ए' २२.८८ आणि 'एबी' ७.७४ टक्के आढळले. परंतु ही सरासरी आहे, आणि आपल्या देशात सरासरीच्या पोटात पुष्कळ भेद दडलेले असतात. डॉ. व. रा. खानोलकर आणि एल. डी. संघवी यांनी १९५० च्या सुमारास मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजांचे रक्तगटादी आनुवंशिक गुण तपासून दाखवले, की एकाच शहरात पिढ्यानपिढ्या शेजारी राहणाऱ्या, पण आपसात लग्नव्यवहार नसलेल्या जातींत ही प्रमाणे भिन्न असू शकतात. १९६८ मध्ये इरावती कर्वे व कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना केली, तीही याच परंपरेतील होय. रक्तगट आणि रोग यांचा संबंध जोडू पाहणाऱ्याला जातिव्यवस्थेची ही जैविक छाया डोळ्यांआड करता येत नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

या शास्त्रात मुंबईचे नाव जगभर घेतले जाते ते १९५२ च्या एका शोधामुळे. डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांना काही रुग्णांचे रक्त असे आढळले, की त्यात ना 'ए' ना 'बी', म्हणून ते 'ओ' समजावे, तर त्याच रुग्णांचे रक्तजल 'ओ' गटाच्या पेशींचेही पुंजके करी. लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स या तज्ज्ञांच्या साहाय्याने त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये हा नवा प्रकार प्रसिद्ध केला, आणि त्याला 'बॉम्बे' रक्तगट हे नाव रूढ झाले. या माणसांत मुळातला 'एच'च तयार होत नाही. साखळीचे शेवटचे टोकच नसल्यामुळे त्यावर 'ए' किंवा 'बी' चढण्याचा प्रश्न येत नाही. आपल्याकडे साधारणतः दहा हजारांत एक, तर युरोपात दहा लाखांत एखादा असा मनुष्य आढळतो. पुढे १९५७ मध्ये मुंबईत परळ येथे रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन झाले, तेच आज राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. ज्या १९५२ साली मुंबईत हा शोध लागला, त्याच साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्राची, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेची, स्थापना झाली, हा योगायोग असला तरी या दोन शास्त्रांची भेट पुढे अटळ होती.

ती भेट प्रथम झाली देवीच्या रोगाच्या निमित्ताने. १९६० च्या सुमारास जर्मनीतील पेटेनकोफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी उपपत्ती मांडली, की देवीच्या विषाणूवर 'ए'सारखा प्रतिजन असतो. 'ए' गटाचा देह आपल्याच शर्करेविरुद्ध प्रतिपिंडे तयार करीत नसल्यामुळे तो या शत्रूला ओळखीचा समजून आत घेतो, आणि म्हणून जेथे देवीने शतकानुशतके थैमान घातले तेथे 'ए' घटून 'बी' व 'ओ' वाढले. हिंदुस्थानातील 'बी'चे आधिक्य या एकाच कारणाने उलगडेल, अशी ती आकर्षक कल्पना होती. तिची परीक्षा घेण्यासाठी फ्रीड्रिश फोगेल व एम. आर. चक्रवर्ती यांनी पश्चिम बंगाल व बिहारच्या ग्रामीण भागात देवीचे रुग्ण पाहिले. त्यांच्या पद्धतीची एक खुबी मुद्दाम सांगण्याजोगी आहे : त्यांनी रुग्णांची तुलना केली ती त्यांच्याच निरोगी सख्ख्या भावंडांशी, त्यामुळे जात, घर, अन्न आणि दारिद्र्य या साऱ्या गोष्टी दोन्ही बाजूंना सारख्याच राहिल्या. १९६६ साली त्यांनी निर्वाळा दिला, की 'ए' व 'एबी' गटाच्या माणसांना देवी अधिक प्रमाणात आल्या आणि अधिक तीव्रही आल्या.

एवढ्यावर प्रश्न सुटला असता, तर हा आढावा लिहिण्याचे प्रयोजन उरले नसते. परंतु त्याच सुमारास मद्रासच्या रुग्णालयात डाउनी प्रभृतींनी केलेल्या पाहणीत रक्तगटाचा आणि देवीच्या तीव्रतेचा काहीच संबंध दिसला नाही. सुकुमारन, संघवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, देवीच्या प्रत्यक्ष रुग्णांवरील अभ्यासातही तो आढळला नाही. आणि प्रयोगशाळेत विषाणूवरचा तथाकथित 'ए' प्रतिजन पुन्हा तपासणाऱ्यांनाही त्याची खात्री पटली नाही. वाद चालू असतानाच वादाचा विषय पृथ्वीवरून नाहीसा झाला. मे १९७५ मध्ये भारतात देवीचा शेवटचा रुग्ण आढळला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोगाचे उच्चाटन जाहीर केले. ज्या मुलखात देवीला कोंबडे-नैवेद्य दाखवून तिची मनधरणी होत असे, तेथे दुतोंडी सुईने टोचलेल्या लसीने हे काम केले, आणि ती टोचताना कोणाही लसटोचकाने कोणाला त्याचा रक्तगट विचारला नाही.

देवीच्या बाबतीत जे केवळ माणसांच्या गणनेवरून ठरवावे लागले, ते अतिसाराच्या विषाणूंच्या बाबतीत रसायनशास्त्राने प्रत्यक्ष दाखवून दिले. अमेरिकेतील नॉरवॉक गावच्या शाळेत १९६८ साली उलटी-जुलाबांची साथ आली, तिच्यावरून ज्याला नाव मिळाले त्या नोरोविषाणूला आतड्यात जम बसवण्यासाठी अंतस्त्वचेवरील 'एच' प्रकारची शर्करा धरावी लागते. ही शर्करा आतड्यात व लाळेत यावी की नाही, हे रक्तगटाच्या मुख्य जनुकाहून निराळे असे एक 'स्रावक' जनुक, एफयूटी-२, ठरवते. ज्यांच्यात ते निकामी असते अशी माणसे युरोपात साधारण पाचात एक असतात, आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्वेच्छेने हा विषाणू प्यालेल्या माणसांपैकी या 'अस्रावक' व्यक्तींना संसर्ग झालाच नाही. विषाणूच्या अन्य जाती निराळ्या शर्करा धरतात, म्हणून हे संरक्षण सार्वत्रिक नव्हे. तथापि एखाद्या विषाणूपुढे आनुवंशिक गुणाने दार असे पुरते बंद ठेवल्याची उदाहरणे वैद्यकात थोडीच आहेत. आपल्याकडील 'बॉम्बे' रक्तगटाच्या बहुसंख्य माणसांत हेच स्रावक जनुक मुळातून गहाळ असते, हे ध्यानात घेतले तर नॉरवॉकसारख्या विषाणूपासून त्यांनाही असेच अभय असावे, असा तर्क करण्यास पुष्कळ जागा आहे.

लहान मुलांचा जीव घेणाऱ्या रोटाविषाणूची कथा याहून महत्त्वाची, कारण तिचा संबंध लशीशी पोहोचतो. या विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाचे निरनिराळे प्रकार निरनिराळ्या शर्करांना चिकटतात. जगात बहुतांश आढळणारा प्रकार स्रावक मुलांना अधिक पछाडतो. दिल्लीत १९८० च्या दशकात डॉ. महाराज किशन भान यांच्या चमूला नवजात अर्भकांत जो निराळा प्रकार मिळाला, तो नवजातांच्या देहात विपुल असलेल्या अपूर्ण शर्करासाखळ्यांना धरतो असे पुढे आढळले, आणि त्याच प्रकारापासून 'रोटाव्हॅक' ही भारतीय लस तयार झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'रोटासिल' ही दुसरी लस गाय व मनुष्य यांच्या विषाणूंच्या संकरातून घडलेली आहे. जिवंत विषाणूची लस तोंडावाटे दिली जाते तेव्हा तिलाही आतड्यातल्या त्याच शर्करेची वाट धरावी लागते. म्हणूनच काही परदेशी लशी अस्रावक मुलांत कमी लागू पडतात, असे पाकिस्तानसह काही देशांतील निरीक्षण आहे. आपल्या अंगणवाडीतल्या मुलाला कोणती लस अधिक लाभेल, हा विचार करताना रक्तगटशास्त्राचा असा थेट उपयोग होऊ शकतो. पार्व्होविषाणू बी-१९ याचे उदाहरण तर सर्वांत निःसंदिग्ध आहे : तो तांबड्या पेशींच्या जनक पेशींवरील 'पी' नावाचा प्रतिजन धरतो, हे १९९३ मध्ये सिद्ध झाले, आणि ज्या अतिदुर्मिळ माणसांत 'पी' नसतो त्यांना तो बाधत नाही, हे त्याच्या पुढच्या वर्षी.

या पार्श्वभूमीवर करोनाकडे वळले की २०२० मधील वार्तांचे मूल्यमापन सोपे होते. त्या विषाणूचे मुख्य दार एसीई-२ हे प्रथिन आहे, रक्तगटाची शर्करा नव्हे. तेव्हा त्याच्या बाबतीत मोठ्या परिणामाची अपेक्षा मुळातच नव्हती. तरीही काही परिणाम असावा, असा संशय जुना होता : करोनाच्याच कुळातील विषाणूने आलेल्या २००३ च्या सार्स साथीत हाँगकाँगच्या एका रुग्णालयातील मोजक्या आरोग्यसेवकांत 'ओ' गटवाल्यांना संसर्ग कमी झाल्याचे २००५ मध्ये नोंदले गेले होते, आणि फ्रान्समधील नाँत येथे, जेथे नोरोविषाणू व शर्करा यांचे नाते प्रथम उलगडणाऱ्यांपैकी झाक ल पांदू काम करीत होते, तेथेच २००८ मध्ये 'ए'विरुद्धची प्रतिपिंडे सार्सच्या काटेरी प्रथिनाला पेशीशी चिकटू देत नाहीत, असे दिसले. मार्च २०२० मध्ये वुहान व शेन्झेन येथील २,१७३ रुग्णांत 'ए' अधिक व 'ओ' कमी असल्याची वार्ता आली. जूनमध्ये इटली व स्पेनमधील सात रुग्णालयांच्या १,९८० गंभीर रुग्णांच्या जनुकांची छाननी प्रसिद्ध झाली. तिच्यात गंभीर आजाराची शक्यता 'ए' गटात सुमारे पंचेचाळीस टक्क्यांनी अधिक आणि 'ओ'मध्ये सुमारे पस्तीस टक्क्यांनी कमी आढळली. परतूरपर्यंत आलेल्या अफवेला एवढा आधार होता.

मग मोठ्या गणना आल्या, आणि अंतर आकसू लागले. डेन्मार्कमध्ये ४,७३,६५४ तपासलेल्या माणसांच्या नोंदींत बाधितांपैकी ३८.४ टक्के 'ओ' गटाचे निघाले, तर सर्वसाधारण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ४१.७ टक्के होते. म्हणजे फरक तीन टक्क्यांच्या थोडा वर. अमेरिकेत युटा व आसपासच्या सुमारे एक लाख आठ हजार लोकांच्या नोंदींत २०२१ साली कोणताच संबंध आढळला नाही. भारतात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आपल्या देशभरच्या प्रयोगशाळांतील १०,४२७ व्यक्तींच्या रक्ताची पाहणी केली, तीत 'ओ' गटात संसर्गाच्या खुणा कमी आणि 'एबी' गटात सर्वाधिक दिसल्या; दिल्लीच्या सर गंगाराम रुग्णालयातील २,५८६ रुग्णांच्या अभ्यासात 'ए' व 'बी' यांना धोका अधिक आणि 'ओ'च्या बरोबरीने 'एबी'लाही कमी, असे निघाले. एकाच देशात, एकाच वर्षाच्या आसपास, 'एबी' गट एका अभ्यासात सर्वांच्या पुढे आणि दुसऱ्यात 'ओ'सोबत मागे राहावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. बहुतेक अभ्यासांत टिकून राहते ती 'ओ'ची किंचित सरशी, आणि तीही रोग जडण्याच्या बाबतीत. जडलेला रोग किती बळावेल, याविषयी एकमत नाही.

या किंचित सरशीची दोन कारणे संभवतात. 'ए' गटाच्या रुग्णाच्या देहात वाढलेल्या विषाणूच्या आवरणावर त्या रुग्णाची 'ए' शर्करा चढू शकते, आणि असा विषाणू 'ओ' गटाच्या माणसापर्यंत पोहोचला तर त्याची तयार प्रतिपिंडे त्याला काही अंशी अडवू शकतात. ही उपपत्ती खरी मानली तर तिचा एक परिणाम अपरिहार्य ठरतो : हे संरक्षण केवळ आपल्या गटावर अवलंबून नाही, ज्याच्याकडून रोग येतो त्याच्याही गटावर आहे. ज्या घरात नवरा, बायको आणि मुले साऱ्यांचाच गट 'ओ', तेथे एकाला लागण झाल्यावर दुसऱ्यांना या प्रतिपिंडांचा काडीचाही उपयोग होणार नाही. दुसरे कारण, जे रोग जडण्यापेक्षा तो बळावण्याला लागू पडेल, रक्त गोठण्याशी निगडित आहे. गुठळी बनवण्यास मदत करणारा फॉन विलब्रांड घटक 'ओ' गटात इतरांपेक्षा सुमारे पावपट कमी असतो, आणि करोनाच्या गंभीर रुग्णांत गुठळ्या हेच मोठे संकट होते.

मोजण्यांत तफावत का पडते, हेही समजून घेणे अवश्य आहे. रुग्णांची तुलना पुष्कळदा रक्तपेढीतील दात्यांशी केली जाते; पण 'ओ' गटाला मागणी अधिक असल्यामुळे त्याचे दाते मुद्दाम बोलावले जातात, आणि मग दात्यांत 'ओ' फुगलेला व रुग्णांत कमी झालेला भासतो. आपल्या देशात याहून मोठी अडचण जातीची आहे. रोग पसरतो तो वस्तीवस्तीने, आणि गावोगावच्या वस्त्या अद्याप पुष्कळ अंशी जातीजातींच्या आहेत. साथ ज्या आळीत आधी शिरली त्या आळीत योगायोगाने 'बी' अधिक असला, तर रोगाचा दोष 'बी'च्या माथी येतो, वस्तुतः तो दाटीचा असतो. खानोलकर-संघवींनी दाखवलेला भेद येथे नडतो, आणि फोगेल-चक्रवर्तींनी भावंडांशी तुलना करण्याचा जो मार्ग स्वीकारला त्याचे मोल येथेच कळते. अशा गणनांत रक्तगटाचे स्थान मोंढ्यातल्या तराजूच्या पासंगाएवढे आहे : तो असतो हे खरे, पण पारडे झुकवतात ती वय, मधुमेह, कोंदट घर आणि लस ही खरी वजने.

याचा पडताळा आपल्याच मुलखात मिळतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० च्या मे-जूनमध्ये देशातील सत्तर जिल्ह्यांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी केली, त्यांत मराठवाड्यातील बीड व नांदेड यांच्याबरोबर परभणीही होता, ज्या जिल्ह्यात १ मे १९८१ पर्यंत परतूर तालुका मोडत असे. त्या पहिल्या फेरीत देशातील प्रौढांपैकी जेमतेम ०.७३ टक्के बाधित अंदाजले गेले. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या फेरीत लस न घेतलेल्या लोकांतही हे प्रमाण ६२.३ टक्क्यांवर गेले होते. 'ओ' गट खरोखरच अभेद्य असता, तर एवढा आकडा गाठण्यासाठी उरलेल्या तिन्ही गटांतील जवळजवळ झाडून साऱ्या माणसांना लागण व्हावी लागली असती. तसे घडले नाही. प्रत्येक गावात चारही गटांची माणसे आजारी पडली आणि चारही गटांच्या घरांत दुःखवट्याला माणसे जमली.

हा सारा प्रपंच व्यर्थ आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. व्यक्तीच्या बाबतीत जो परिणाम नगण्य, तोच शेकडो पिढ्यांच्या हिशोबात मोठा ठरू शकतो. रोग हीच मानवी उत्क्रांतीची एक प्रमुख शक्ती आहे, हा विचार १९४९ मध्ये मांडणारे जे. बी. एस. हाल्डेन पुढे आयुष्याच्या अखेरीस भारताचेच नागरिक झाले. 'ओ' गट गंभीर हिवतापापासून काहीसे रक्षण करतो, तर पटकीच्या तीव्र स्वरूपाला तोच अधिक बळी पडतो, आणि गंगेच्या त्रिभुज प्रदेशात 'ओ'चे प्रमाण कमी असण्याचे हेच कारण असावे, असे अनेकांचे मत आहे. मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर लोटणाऱ्या आपल्या पूर्वजांना ज्या पटकीने छळले, तिनेही कदाचित आपल्या रक्तातील गटांच्या प्रमाणात हात घातला असेल. 'ए' व 'बी' हा भेद मनुष्यापुरता नाही. वानरकुळात तो कोट्यवधी वर्षे टिकून आहे, असे २०१२ मधील जनुकीय अभ्यासाने दाखवले. एक रोग एका गटाला झोडपतो, दुसरा दुसऱ्याला, आणि म्हणून कोणताही गट समूळ नष्ट होत नाही, सारेच उरतात. ज्या समाजात चारही गट नांदतात तो समाज कोणत्याही एका रोगाने सर्वस्वी उद्ध्वस्त होण्याचा संभव कमी असतो. भिन्नतेचे हे मोल एकट्यादुकट्याच्या हिशोबात कधीच दिसत नाही.

तेव्हा परतूरच्या नागरिकाने या शास्त्रातून काय घ्यावे? साथीच्या काळात आपला गट पाहून निर्धास्त होऊ नये आणि घाबरूही नये. लस, स्वच्छ पाणी आणि मोकळी हवा यांची जागा कोणताही रक्तगट घेऊ शकत नाही. रक्तगट ज्या प्रसंगी खरोखर जीवनमरणाचा निर्णय करतो तो प्रसंग निराळा आहे : बाळंतिणीचा रक्तस्राव, रस्त्यावरील अपघात, थॅलॅसिमियाचे मूल. त्यासाठी आपला गट ठाऊक असावा, आणि काचेच्या पट्टीवर 'ओ' ठरलेले रक्त क्वचित 'बॉम्बे' असू शकते, म्हणून रक्त देण्या-घेण्यापूर्वी रक्तजलाची उलट तपासणी रक्तपेढीकडून झालीच पाहिजे, हेही ठाऊक असावे. शिबिरांच्या वह्या आणि रुग्णालयांची दप्तरे आज एकमेकांशी बोलत नाहीत. रुग्णाची संमती घेऊन, नाव झाकून, गट, वय, लस आणि आजाराचा परिणाम एवढी चार कलमे तालुक्याच्या पातळीवर एकत्र नोंदण्याची शिस्त आरोग्य खात्याने लावली, आणि तुलना भावंडांशी करण्याचा फोगेल-चक्रवर्तींचा कित्ता गिरवला, तर पुढच्या साथीत या प्रश्नाचे उत्तर वुहान किंवा डेन्मार्कहून येण्याची वाट पाहावी लागणार नाही. ते मराठवाड्यातील माणसांच्या रक्तावरून, मराठवाड्यातील माणसांसाठी, येथेच देता येईल.